शब्द इल्ला

मामांचा फोन आला तेव्हा रात्रीचे पावणेअकरा वाजले होते. दहाच्या ठोक्याला अंथरुणाला पाठ टेकणारा माणूस अशा वेळी फोन करतो म्हटल्यावर माझ्या पोटात गोळाच आला.

"झोपला नव्हतास ना? ऐक," म्हणाले, आणि गप्प झाले.

मी ऐकत राहिलो. पलीकडून चकार शब्द येईना. मामी, दवाखाना, म्हैसूरची गाडी, रजेचा अर्ज असं सगळं माझ्या डोळ्यांसमोरून जाऊन आलं.

"आलं का ऐकू?"

"काय, मामा?"

"फ्रीज! आत्ताच बंद झाला बघ. थांब, अकरा मिनिटांनी परत लागतो. तेव्हा ऐकवतो."

अकरा मिनिटं आम्ही दोघं, एक पुण्यात आणि एक म्हैसुरात, कानाला फोन लावून गप्प बसलो. मधे एकदा मी खोकलो, तर तिकडून "श्शू" आलं. मग पलीकडे टक् झालं, घर्र झालं, आणि मामा म्हणाले, "बघितलास? अठ्ठावीस वर्षं गुमान होता, आता बोलायला लागलाय. नवा घ्यायला पाहिजे. मला काही फार नको, बाळ. साधा पाहिजे. एका दाराचा, पांढरा. आणि गप्प बसणारा. तू ये."

'मला काही फार नको' असं म्हणणाऱ्या माणसांपासून मी जरा जपूनच असतो. ज्याला फार हवं असतं त्याचं बरं. दोन गोष्टी कमी देऊन त्याला वाटेला लावता येतं. साध्या माणसाच्या मागणीत कमी करायला जागाच नसते. पंगतीत बासुंदी फिरत असताना "मला काही नको, नुसता मऊ भात आणि वरचं वरण" म्हणणारा एखादा असतोच, आणि त्याच्या साधेपणापायी आचाऱ्याला वेगळं पातेलं चढवावं लागतं. मामा त्या जातीचे. त्यांना साधी चप्पल लागते, म्हणजे चालताना न वाजणारी. तिच्यासाठी त्यांनी देवराज मार्केटच्या आसपासची सगळी दुकानं पालथी घातली. त्यांना भिंतीवर साधं घड्याळ लागतं, टिकटिक नसलेलं. ते मिळालं तेव्हा साधेपणाच्या भरात त्यावर आकडेही नव्हते, आणि मामी बरीच वर्षं वेळ विचारायला शेजारी जात असत.

मामा मूळचे बेळगावचे, शहापूरचे. 1978 साली नोकरीसाठी म्हैसूरला आले ते तिथलेच झाले. नोकरी मानसगंगोत्रीतल्या अखिल भारतीय वाक् आणि श्रवण संस्थेत. 1965 साली निघालेली ही संस्था गावात 'आयिश' म्हणून ओळखली जाते. रिक्षावाल्याला मराठीतलं हे लांबलचक नाव सांगितलंत तर तो तुम्हाला थेट रेल्वे स्टेशनवर नेऊन सोडेल. तिथे माणसांचे कान तपासतात, आणि मामा ते कान तपासणारी यंत्रं तपासायचे. ऑडिओमीटर नावाचं यंत्र 250 पासून 8000 हर्ट्झपर्यंतचे एकेक सूर हेडफोनमधून बारीक करत करत ऐकवतं. समोरचा माणूस ऐकू आलं की बोट वर करतो. यंत्रच खोटं बोलायला लागलं तर चांगल्या कानाचं पोर बहिरं ठरेल, नाहीतर बहिरं पोर चांगलं ठरून शाळेत 'लक्ष कुठंय तुझं' म्हणून मार खात बसेल. चौतीस वर्षं मामांनी एकाही यंत्राला खोटं बोलू दिलं नाही. 2012 साली निवृत्त झाले. यंत्रं तिकडे राहिली, कान घरी आला. तेव्हापासून तो घरात वापरावा लागतो.

राहायला ते ओंटिकोप्पलला. गल्ली शांत आहे, पण मामांना तिचा वेगळाच अभिमान. म्हैसूर विद्यापीठातले मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी 1935 साली इथेच, आपल्या 'विठ्ठल विहार' या घरात खासगी नभोवाणी केंद्र सुरू केलं होतं, आणि त्या केंद्राचं नाव होतं 'आकाशवाणी'. देशाने ते नाव पुढे उचललं. मामा हे पाहुण्यांना सांगतात आणि वर म्हणतात, "देशाला आवाज दिला तो आमच्या ओंटिकोप्पलनं. आता आम्हाला थोडी शांतता मिळायला काय हरकत आहे?"

कान इतका तिखट की शेजारच्या कुकरची तिसरी शिट्टी झाली की कुंपणावरून ओरडतात, "डाळ लागेल हो!" नारळ सगळेच वाजवून घेतात, मामा नारळवाल्याला वाजवायला लावतात आणि स्वतः चार पावलं लांब उभे राहतात. मला आणायला ते स्टेशनवर आले होते. बेळगावमार्गे रात्रभर प्रवास करून मी उतरलो, तर "जेवलास का", "दमलास का" काही नाही. पहिला प्रश्न, "खिडकी वाजत होती का रे?"

या कानाला ऐकू न येणारी जगात एकच गोष्ट आहे. मामींनी स्वयंपाकघरातून तीनदा हाक मारली तरी ती बाहेरच्या खोलीत पोचत नाही. मामी धारवाडच्या, बोलतात कमी आणि बोलतात ते नेमकं. एका कानाची परीक्षा घेताना दुसऱ्या कानाने मधे तोंड घालू नये म्हणून त्यात मुद्दाम खरखर सोडतात, हे त्यांना नवऱ्याच्या नोकरीमुळे ठाऊक. त्या म्हणतात, "मी बोलायला लागले की ह्यांच्या दोन्ही कानांत ती खरखर आपोआप सुरू होते."

घरी गेल्यावर चहाच्याही आधी मला फ्रीजसमोर नेण्यात आलं. 1994 सालचा, 165 लिटरचा. दारावरचा पांढरा रंग आता ताकाच्या रंगाचा झालेला. फ्रीजच्या डोक्यावर मध्यमवर्गीय फ्रीजच्या डोक्यावर असतं ते सगळं होतं: क्रोशाचं झाकण, विजेची बिलं, औषधांचा डबा, पंचांग, आणि मामांच्या निवृत्तीला सहकाऱ्यांनी दिलेली पेटी. म्हैसूरच्या शिसवी जडावकामाची, पितळी कडीची सुरेख पेटी, आत मखमलीवर तीन ट्यूनिंग फोर्क. फ्रीज लागला. टक्, घर्र, आणि मग त्या घर्रच्या पाठीमागे एक बारीक 'टिर्र', दाताच्या दवाखान्यातून दुरून यावी तशी.

"ती टिर्र," मामा कुजबुजले. "कॉम्प्रेसरची कुठली तरी स्प्रिंग गेली आहे. दोन वर्षं झाली. ह्याचं काही खरं नाही."

मी फोनवर आवाज मोजायचं अ‍ॅप काढलं. मामांनी मानेनेच नकार दिला. "ह्याला कॅलिब्रेट कुणी केलंय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी फिल्टर कॉफी घेता घेता माझा वर्ग झाला. फ्रीजच्या दोन जाती. एक डायरेक्ट कूल: वर बर्फाचा कप्पा, तिथला गारवा जड, म्हणून तो आपल्या पायांनी खाली उतरतो, त्याला ढकलायला पंखा लागत नाही. दुसरी फ्रॉस्ट फ्री: तिथे गारवा पंख्याने फिरवतात, आणि साठलेला बर्फ वितळवायला आत एक हीटर असतो, तो ठरल्या वेळी लागतो आणि थेंब पडून चर्र वाजतं. "म्हणजे बघ, एका कपाटात पंखा आणि शेगडी दोन्ही. आणि ह्याला म्हणायचं फ्रीज!" डायरेक्ट कूलचा बर्फ बटण दाबून आपण वितळवायचा. मामींनी स्वयंपाकघरातून विचारलं, "आपण म्हणजे कोण?" पण ते बाहेर पोचलं नाही.

मग इन्व्हर्टर कॉम्प्रेसर आला. साधा कॉम्प्रेसर लागतो तेव्हा पुऱ्या वेगाने लागतो आणि थांबतो तेव्हा अंग झटकून थांबतो. इन्व्हर्टरवाला गरजेप्रमाणे वेग कमीजास्त करत हळूहळू चालत राहतो, एकंदरीत तोच गप्प. मला वाटलं, झालं, प्रश्न सुटला. पण मामांची अडचण सुराची होती. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणून साध्या फ्रीजची गुणगुण 100 हर्ट्झला बसलेली असते, जन्मभर एकच. इन्व्हर्टरचा वेग बदलतो तसा सूरही बदलतो. "एक सूर कानाआड करता येतो रे. हा रात्रभर आलाप घेणार, आणि आता कुठे जातोय म्हणून मी बघत बसणार."

त्यांची मुलगी नेदरलँड्समध्ये आहे. तिने तिकडच्या फ्रीजवरच्या लेबलाचा फोटो पाठवला होता आणि तो मामांनी पाकिटात देवाच्या फोटोशेजारी ठेवला होता. युरोपात फ्रीजच्या लेबलवर वर्षाच्या युनिटांबरोबर आवाजही छापतात, डेसिबलमध्ये, आणि मार्च 2021 पासून त्याला अ ते ड असे वर्ग लावतात. तिचा 35 डेसिबल, वर्ग ब. "आपल्याकडं तारे मोजतात," मामा म्हणाले. "तारे चांगलेच आहेत, खरं ते बिलासाठी. कानासाठी काय?" (बेळगावकडे 'पण'ला 'खरं' म्हणतात. त्यामुळे तिकडचा माणूस प्रत्येक वाक्याच्या मध्यावर सत्य सांगायला लागल्यासारखा वाटतो.) शिवाय ध्वनिप्रदूषणाचे 2000 सालचे नियम त्यांना पाठ. निवासी भागात रात्री 45 डेसिबल, शांतता क्षेत्रात 40. शाळा-दवाखान्याभोवतीचा शंभर मीटरचा भाग शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. कोपऱ्यावर शाळा आहे. म्हणून मामांच्या हिशेबाने आपलं स्वयंपाकघर शांतता क्षेत्रात येतं. रात्री दहानंतर मामी मिक्सर लावत नाहीत त्याला हे कलम कारण आहे.

सय्याजीराव रोडवर आम्ही पहिल्यांदा गेलो ते मंगळवारी. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या नावाचा रस्ता, त्यामुळे मामा तिथे जरा ताठ चालतात. दुकानात "बन्नि सार, बन्नि" म्हणत एक मुलगा धावत आला. समोर चाळीस फ्रीज ओळीने उभे, आणि मामांच्या लक्षात आलं की यातला एकही चालू नाही. दुकानातल्या फ्रीजला प्लगच लावलेला नसतो. सगळे गप्प, सगळे सालस, मुलगी पाहायला आलेल्या मुलांसारखे. घरी नेल्यावर खरा स्वभाव.

"हा लावा," मामा म्हणाले.

मुलाने एक्स्टेंशन शोधून आणलं. आता फ्रीज चालू होता, पण ऐकू कसा येणार? भिंतीवर अठरा टीव्ही, अठरांवर एकच सिनेमाचं गाणं, डोक्यावर एसी. मामांनी टीव्ही बंद करायला सांगितले. मग एसी. मग पंखे. मग गल्ल्यावर नोटा मोजणाऱ्या बाईंना त्यांनी हात जोडले. मार्चअखेरचा उकाडा, गिऱ्हाईकं वारा घालत उभी, आणि मामा डोळे मिटून, एका फ्रीजच्या कुशीत कान घालून. कुणीतरी मला हळूच विचारलं, डॉक्टर आहेत का.

"शब्द इल्ला सार," मुलगा आर्जवाने म्हणाला.

कन्नडमध्ये शब्द म्हणजे नुसता आवाज. आपल्याकडे शब्द देतात, पाळतात, खाली पडू देत नाहीत; तिकडे शब्द होतो, आणि झाला की लोक कानांवर हात ठेवतात. पंचेचाळीस वर्षं कानडी मुलखात काढूनही मामांचा मराठी कान या जागी ठेचकाळतो. ते मला म्हणाले, "शब्द नाही म्हणतोय. मग ह्याच्या शब्दावर विश्वास कसा ठेवायचा?"

आणि पांढरा तर नव्हताच. एका दाराच्या फ्रीजवर फुलं असतात. लाल फुलं, निळी फुलं, जांभळी फुलं, ज्यांचं झाड कुणी पाहिलेलं नाही अशी फुलं. मामांनी विचारलं, फुलाशिवाय काही? मुलाने अभिमानाने दोन दारांचा, काळ्या काचेचा, फोनवरून चालणारा फ्रीज दाखवला. साधा दोन दारांत शिरला की थेट विमानाच्या किमतीला भिडतो, मधे काही नाही. चार दुकानांत हेच झालं. पाचव्या दुकानात आम्ही शिरताना आतल्या आत टीव्हीचा आवाज वाढला, असं मला वाटलं; माझा भ्रम असेल.

मग मामांनी खरी पद्धत काढली. दुकानात ऐकू येत नाही तर जिथे चालू आहे तिथे जाऊन ऐकायचं. म्हैसुरातल्या ओळखीच्या घरांची यादी झाली: गणेशोत्सवातली मराठी मंडळी, आयिशमधले जुने सहकारी, मामींच्या भजनातल्या बायका. कुणाकडे कोणतं मॉडेल, ते फोन करून विचारलं. वेळ ठरली रात्री साडेनऊची, कारण तेव्हा रस्ता निवतो. त्या आठवड्यात सरस्वतीपुरम, जयलक्ष्मीपुरम, कुवेंपुनगर असं मी बरंच म्हैसूर पाहिलं, पण सगळं स्वयंपाकघरातून.

दृश्य असं असायचं. यजमान दिवाणखान्यात बसायला सांगत. मामा "इथं बरं आहे" म्हणत स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसत. यजमानीण कॉफी करायला घेई. मामा तिला गॅस लावू देत नसत, बर्नरचा फसफस आवाज होतो म्हणून. पाहुण्याला कॉफी द्यायची नाही म्हणजे म्हैसुरात घोर अपमान, तेव्हा ती बिचारी हातात डिकॉक्शनचं भांडं घेऊन तशीच उभी. पंधरा मिनिटं कुणी बोलत नसे. एका घरी आजीबाईंनी त्यांना फ्रीज दुरुस्त करणारे समजून बर्फाच्या कप्प्याचं तुटकं झाकण दाखवलं, आणि मामांनी ते बसवूनही दिलं. एका घरी सगळं कुटुंब, मुलंबाळं धरून, आपोआप जमिनीवर मांडी घालून बसलं आणि शेवटी कुणीतरी हात जोडले.

यातली माझी आवडती भेट जयलक्ष्मीपुरममधल्या वीणा शिकवणाऱ्या बाईंची. मामांनी आपला 100 हर्ट्झचा सिद्धांत सांगितला तेव्हा त्या हसल्याच नाहीत. म्हणाल्या, बरोबर आहे, माझा फ्रीज पाच आणि साडेपाच कट्ट्यांच्या मधे लागतो. (आपल्या पेटीच्या भाषेत पांढरी पाच आणि काळी चार यांच्या फटीत.) मुली पाच कट्ट्यांत गायला बसल्या की फ्रीज त्यांना वर ओढतो, म्हणून शिकवणीच्या वेळी त्या प्लग काढतात. मामांचे डोळे भरून आले. सत्तर वर्षांत प्रथमच त्यांना समानधर्मा भेटला होता. दोघं तासभर बोलत होती. फ्रीज ऐकायचा राहिलाच.

परतताना रिक्षात मामांना आइनस्टाइन आठवला. (प्रत्येक साध्या माणसाला आपल्या बाजूने एक थोर माणूस लागतो.) 1926 पासून आइनस्टाइनने लिओ झिलार्ड या तरुण शास्त्रज्ञाबरोबर फ्रीजवर काम केलं होतं, ही गोष्ट खरी आहे. बर्लिनमध्ये फ्रीजमधला विषारी वायू गळून एक कुटुंब गेल्याचं त्यांनी वाचलं, म्हणून न हलणाऱ्या भागांचा, न गळणारा फ्रीज करायला घेतला. पेटंटं मिळाली, फ्रीज बाजारात कधी आला नाही. "सापेक्षतावाद सोपा असणार," मामा म्हणाले. "गप्प फ्रीज त्यालाही जमला नाही." त्यांच्या एका नमुन्यात द्रव धातू विजेच्या चुंबकाने ढकलणारा पंप होता, हलणारा भाग एकही नाही, आणि तरी तो फार आवाज करायचा. हे सांगताना मामांच्या चेहऱ्यावर इतकं दुःख होतं की रिक्षावाल्याने आरशातून दोनदा पाहिलं.

खरोखर मुका असा फ्रीजही जगात आहे. 1922 साली स्वीडनमधल्या फॉन प्लाटेन आणि मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी तो काढला: कॉम्प्रेसर नाही, नुसत्या उष्णतेवर अमोनिया फिरतो. हॉटेलच्या खोलीत पलंगाजवळ जे छोटे फ्रीज असतात त्यांत पुष्कळदा हीच युक्ती असते, पाहुण्याची झोप मोडू नये म्हणून. पण ते वीज जास्त खातात आणि त्यांत पाण्याच्या चार बाटल्या मावतात. गुजरातेत वांकानेरच्या मनसुखभाई प्रजापतींनी तर मातीचाच फ्रीज केला, विजेवाचून चालणारा. वरचं पाणी भिंतीतून पाझरतं, वाळतं आणि आतला माल गार राहतो. मामा त्यावर फिदा. म्हैसूरपाक, चंदन आणि रेशीम, म्हणजे म्हैसूरच्या एकाही रत्नाला फ्रीज लागत नाही, तेव्हा आपल्यालाही न लागावा, असं त्यांचं म्हणणं. शहापूरच्या घरी आजीचा जमिनीत अर्धा पुरलेला रांजण होता, त्याने कधी टिर्र केलं नव्हतं. आणि नियतीची थट्टा बघ म्हणाले, पुण्याजवळ जिथे हे फ्रीज बनवण्याचे मोठे कारखाने निघालेत त्या गावाचं नाव काय? रांजणगाव.

मामींनी एकच विचारलं. "पावसाळ्यात हवाच ओली. पाणी वाळणार कसं, नि माझं दोशाचं पीठ गार होणार कसं?" हा मुद्दा शास्त्राला धरून होता, म्हणून मामांना ऐकू आला नाही.

गुरुवारी मामांनी जुना फ्रीज बंद केला. घराची मुळातली शांतता किती, हे कळल्याशिवाय नव्या फ्रीजचा आवाज किती हे कसं कळणार, असा त्यात विचार होता. शांतता इतकी गोड निघाली की प्लग परत लावायचं त्यांच्या जिवावर आलं. शुक्रवारी नंदिनीचं दूध नासलं. शनिवारी दोशाचं पीठ डब्याचं झाकण उचलून ओट्यावर आलं. रविवारी मामींनी देवीसाठी घेऊन ठेवलेली मल्लिगेची माळ काळी पडली. मामींनी काही म्हटलं नाही. सोमवारी सकाळी त्या भाजी आणायला गेल्या, आणि भाजी आणि फ्रीज घेऊन आल्या.

जाताना पिशवीत त्यांनी पिठाचा रिकामा डबा नेला होता. दुकानात पहिल्या फ्रीजचं दार उघडलं, डबा आत ठेवला, वरच्या फळीला लागतो म्हणून दुसरा उघडला. तिसऱ्यात डबा बसला, शेजारी अख्खा नारळही बसला, आणि खाली कांदेबटाट्यांचा खण निघाला. पैसे दिले. एकूण बारा मिनिटं. जुन्याचे एक्स्चेंजमध्ये दीड हजार आले. फ्रीज एका दाराचा, डायरेक्ट कूल. दारावर जांभळी फुलं.

"किती डेसिबल?" मामांनी विचारलं.

"विचारलं नाही. दोन डझन अंडी मावतात."

आणून देणाऱ्या मुलांनी सांगितलं, गाडीत हलला आहे, चार तास लावू नका. मामांनी पाण्याचा पेला वर ठेवून पायांचे स्क्रू फिरवत तो समतल केला, भिंतीपासून चार बोटं पुढे ओढला आणि समोर खुर्ची टाकून बसले. ते चार तास त्यांच्या आयुष्यातले सुखाचे म्हणायला हवेत. साधा होता, गप्प होता. फुलं सोडली तर मागितलं होतं तसाच. संध्याकाळी प्लग लावला तेव्हा लहान मुलाच्या झोपेतल्या श्वासाएवढा आवाज झाला. मामा काही बोलले नाहीत. मामींनी जुन्या फ्रीजवरचं सामान पुसून नव्यावर मांडलं आणि आम्ही झोपलो.

पहाटे दोनला माझा खांदा हलला. "ये जरा. फ्रीज बदलला, खरं आवाज तोच."

टक्, मग श्वासाएवढी गुणगुण, आणि तिच्या पाठीमागे: टिर्र.

आम्ही बॅटरी लावली. मामांनी दाराला कान लावला, कुशीला लावला, मागच्या जाळीला लावला. गुडघ्यांवर बसून खाली लावला. मी हातांनी बाजू दाबून धरल्या. टिर्र. नव्याचीही स्प्रिंग गेली म्हणावी तर हा फ्रीज अजून एक दिवसाचाही झाला नव्हता. मामांचा चेहरा बॅटरीच्या उजेडात पार उतरलेला. एवढ्यात मामी आल्या, डोळे पुरते न उघडता. त्यांनी हात वर केला, शिसवी पेटी उचलली, तिची सैल झालेली पितळी कडी बोटाने दाबून पेटी टेबलावर ठेवली, आणि परत गेल्या.

स्वयंपाकघरात शांतता पसरली. आतल्या खोलीतून मामींचा आवाज आला, "दोन वर्षं सांगतेय."

मामांनी खुर्ची ओढली. पेटी उघडून 512 चा ट्यूनिंग फोर्क काढला, गुडघ्यावर मारला आणि कानाशी धरला. तो विरेपर्यंत ऐकला. मग परत मखमलीवर ठेवत म्हणाले, "हा बरोबर आहे."

जुना फ्रीज तोवर एक्स्चेंजवाल्याच्या गोदामात पोचला होता. त्याबद्दल आमच्यात बोलणं झालं नाही. निघायच्या दिवशी मामींनी मला डब्यात म्हैसूरपाक दिला, आणि मामा स्टेशनवर पोचवायला आले ते बराच वेळ कुठल्या डब्याची चाकं कशी वाजतात यावर बोलत राहिले.

पंधरा दिवसांनी मीच फोन केला. रात्रीचे साडेनऊ झाले होते, आणि मी स्वयंपाकघरात उभा होतो.

"फ्रीज काय म्हणतोय, मामा?"

"कुठला? बरा आहे," म्हणाले, आणि एकदम थांबले. "श्शू. तुझा लागला बघ आत्ता."

मी गप्प बसलो. बराच वेळ पलीकडून काही आलं नाही.

"बाळ, तुझ्या फ्रीजचा पुढचा उजवा पाय आखूड आहे."

मी वाकून पाहिलं. मग पालथा पडून पाहिलं. पुढचा एक पाय खरंच फरशीपासून नखभर वर होता. "आहे, मामा. पण डावा."

"तुझा डावा रे," मामा म्हणाले. "फ्रीजचा उजवा."